वाचक विचारतात : टूटूचा घेर कसा आखडत गेला

बॅले नर्तिकेच्या फुगीर झग्याबद्दल, म्हणजे टूटूबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मारी ताल्यॉनीने १२ मार्च १८३२ रोजी पहिला टूटू घातला, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. हे बरोबर आहे का?

तारीख बरोबर आहे, ‘पहिला’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. त्या रात्री पॅरिस ऑपेराच्या ल पेलतिए नाट्यगृहात ‘ला सिल्फीद’ (सिल्फीद म्हणजे हवेत राहणारी परी) हे बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आलं. नृत्यरचना मारीचे वडील फिलिप्पो ताल्यॉनी यांची होती, देखावे सिसेरीचे आणि पोशाख युजेन लामीचे. गंमत अशी, की ज्या पांढऱ्या झग्यामुळे लामीचं नाव आजही घेतलं जातं, त्या झग्याचं त्याच्या हातचं रेखाटन मिळत नाही. म्हणून जाणकार मंडळी हे श्रेय देताना जरा हात आखडता घेतात.

तो झगा असा होता : खांदे उघडे ठेवणारी घट्ट चोळी, पाठीवर चिमुकले पंख, आणि कमरेपासून घंटेसारखा उतरून पोटरी आणि घोटा यांच्या मध्ये थांबणारा पांढरा घेर. आता १८३० च्या सुमाराच्या पॅरिसमधल्या फॅशनची चित्रं शेजारी ठेवून पाहा. आवळलेली कंबर, फुगीर घेर आणि घोट्याच्या वर थांबणारी किनार तिथेही आहेच. म्हणजे बेतण्यात फारसं नवीन काही नव्हतं. पाय दिसावेत म्हणून घेर वर घेण्याचं काम तर शंभर वर्षं आधीच मारी कामार्गो या नर्तिकेने सुरू केलं होतं. तिला हवेत पायांची अदलाबदल करायची असे आणि ती लोकांना दिसायला हवी होती.

नवीन होतं ते कापडाचं वजन, त्याचा पांढरा रंग आणि त्यावर पडणारा उजेड. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले. मेणबत्ती किंवा तेलाच्या दिव्यापेक्षा गॅसची ज्योत सहज कमी-जास्त करता येते, त्यामुळे चांदण्याचा भास उभा करता येऊ लागला. नोव्हेंबर १८३१ मध्ये ‘रॉबेर ल दियाब्ल’ या ऑपेरातल्या नृत्यप्रसंगात मठातल्या मृत जोगिणी पांढऱ्या वेषात थडग्यांतून उठतात, तेव्हा याच उजेडाचा उपयोग केला होता. सिल्फीद त्यानंतर चारच महिन्यांनी आली. विरळ पांढऱ्या कापडाच्या थरांतून मंद उजेड आरपार गेला की कापडाच्या कडा पुसट होतात आणि शरीर कुठे संपलं ते कळत नाही. हा परिणाम लोकांना इतका आवडला, की पुढच्या दहा-बारा वर्षांत समीक्षक तेओफिल गोतिए पांढऱ्या जाळीचा अतिरेक झाल्याची तक्रार करू लागला. आणि याच गोतिएने १८४१ च्या ‘जिझेल’च्या कथेत दुसऱ्या अंकात पांढऱ्या विलींचा, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांचा, थवाच्या थवा आणला होता!

सगळंच पांढरं होतं असंही नाही. फॅनी एल्सलरने १८३६ मध्ये ‘काचुचा’ हा स्पॅनिश नाच केला तो गुलाबी सॅटिनवर काळी लेस लावलेल्या झग्यात. भूतलावरच्या बायका रंगीत आणि परलोकातल्या पांढऱ्या, अशी ढोबळ वाटणी होती.

मलमल, गॉझ, ट्यूल, टार्लाटन ही नावं एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. नेमका फरक काय?

मलमल तुम्हाला माहीत आहेच : साधी वीण, बारीक सूत, मऊ पडणारं कापड. गॉझमध्ये उभ्या धाग्यांच्या जोड्या एकमेकींना पीळ देऊन आडवा धागा पकडतात, म्हणून वीण विरळ असूनही धागे सरकत नाहीत. टार्लाटन हे साध्या विणीचंच सुती कापड, पण अगदी विरळ विणलेलं आणि भरपूर खळ दिलेलं. त्याचा ताठपणा सगळा खळीचा. नवा तुकडा बोटांत चुरगळला तर पातळ कागदासारखा चरचरतो; त्यावर पाण्याचा थेंब पडला की तेवढी जागा लोळागोळा होते.

ट्यूल हे तर विणलेलं कापडच नव्हे, ती जाळी आहे. धागे एकमेकांभोवती पीळ घेत षटकोनी छिद्रं तयार करतात, म्हणून कापलेली कड उसवत नाही. पूर्वी ही जाळी लेस करणाऱ्या बायका हाताने करत आणि ती फार महाग पडे. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने १८०८ मध्ये अशा जाळीच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत ती मीटर-मीटरने मिळू लागली. १८१६ मध्ये यंत्रविरोधी कामगारांनी त्याच्या लफबरोच्या कारखान्यातली यंत्रं फोडली, तेव्हा तो बाडबिस्तरा उचलून टिव्हर्टनला गेला. यंत्राची जाळी नसती, तर थरावर थर चढवलेला झगा नर्तिकांच्या अख्ख्या ताफ्याला पुरवणं कोणत्याही नाट्यगृहाला जमलं नसतं.

शतकाच्या उत्तरार्धात जास्त वापर टार्लाटनचा दिसतो, कारण ते स्वस्त आणि अंगापासून दूर उभं राहणारं. पण घामाने आणि दमट हवेने खळ सुटते. कमरेजवळचे थर आधी मरतात, मग घेर खाली बसतो आणि झगा पायांना चिकटू लागतो. धुवावं तर खळ जाते. त्यामुळे टार्लाटनचे घेर धुऊन टिकवण्याऐवजी बदलावे लागत.

‘टूटू’ हा शब्द कुठून आला?

फ्रेंच भाषेत लहान मुलांशी बोलताना ढुंगणाला ‘क्यूक्यू’ म्हणतात, त्याचं हे बदललेलं रूप. छापील नोंद १८८१ ची आहे, आणि तीही झग्याखालच्या आखूड चड्डीच्या अर्थाने. अख्ख्या झग्याला हे नाव नंतर चिकटलं. ताल्यॉनीने हा शब्द आपल्या पोशाखासाठी कधी वापरला नसणार.

या झग्यांमुळे नर्तिका जळून मेल्या असं वाचलं. कापड आगीपासून वाचवण्याचे उपाय तेव्हा नव्हते का?

उपाय होते, आणि ते नाकारले गेले.

आधी झगा का पेटत असे ते पाहू. कापूस मुळात भराभर जळतो. विरळ विणीत प्रत्येक धाग्याला चारी बाजूंनी हवा मिळते, आणि थरांच्या मधल्या पोकळीत आणखी हवा. त्यात खळ म्हणजे पिष्ट, तेही जळणारंच. ठिणगी खालच्या कडेला लागली की ज्वाळा थरांमधून चिमणीतून गेल्यासारखी वर चढते. तापलेल्या दिव्यांजवळ हवा सतत हलत असते आणि नर्तिका गिरकी घेते तेव्हा ती आणखी हलते. झगा मागून किंवा बाजूने पेटला तर तिला ते कळायलाही वेळ लागतो. मग ती घाबरून धावते, आणि धावण्याने आग भडकते.

लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टरचा झगा रंगमंचावरच्या दिव्याने पेटला आणि तीन दिवसांनी ती गेली. फिलाडेल्फियाच्या कॉन्टिनेंटल नाट्यगृहात सप्टेंबर १८६१ मध्ये कपडे बदलण्याच्या खोलीत एकीचा पोशाख पेटला. तिला वाचवायला धावलेल्या बहिणी आणि मैत्रिणीही होरपळल्या आणि किमान सहा जणी दगावल्या.

उपायांची सुरुवात याच्या खूप आधीची. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाकने १८२१ च्या सुमारास अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात कापड बुडवण्याची पद्धत दाखवली होती. टाकणखार तापला की वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतो, आणि अमोनियमच्या क्षारांतून न जळणारे वायू सुटतात. अडचण इस्त्रीची होती : काही अमोनियम क्षार गरम इस्त्रीखाली विघटित होतात. १८५९ मध्ये लंडनमध्ये व्हर्समान आणि ओपेनहाइम यांनी सोडियम टंगस्टेट सुचवलं. त्यात थोडं सोडियम फॉस्फेट मिसळलं की द्रावण टिकतं, आणि खळीबरोबर कापडाला दिलं तरी इस्त्री नीट फिरते. मात्र हे सगळे क्षार पाण्यात विरघळणारे. कापड धुतलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पॅरिसमध्ये कार्तरों याच्या नावाने ओळखली जाणारी प्रक्रिया होती, आणि १८५९ च्या फर्मानाने नाट्यगृहांत पोशाखांवर अशी प्रक्रिया सक्तीची झाली. पण त्या द्रावणातून काढलेलं कापड कडक होई आणि त्याचा पांढरा रंग मळकट दिसे. ताल्यॉनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने १८६० मध्ये लेखी कळवलं, की मी माझ्या नेहमीच्या झग्यातच नाचेन. हट्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. तिची सगळी ख्याती हलकेपणावर होती आणि कडक झगा नेमका तोच हिरावून घेत होता.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’च्या तालमीत तिने विंगेजवळ बसताना-उठताना घेर झटकून फुलवला. त्या झोताने गॅसची ज्योत कापडापर्यंत आली. पेटलेल्या अवस्थेत ती रंगमंचावर धावली. शेवटी कांबळं टाकून आग विझवली. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली, वयाच्या विसाव्या वर्षी. त्या झग्याच्या उरलेल्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. त्यानंतरही बऱ्याच नर्तिकांनी प्रक्रिया केलेलं कापड टाळलंच. धोका खऱ्या अर्थाने कमी झाला तो उघडी ज्योत गेल्यावर. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्ये सगळीकडे विजेचे दिवे लागले आणि मग इतर नाट्यगृहं त्या वाटेने गेली.

घेर गुडघ्याच्या वर नेमका कधी गेला? ‘स्वान लेक’मधली थाळीसारखी आडवी चकती एकोणिसाव्या शतकातलीच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ती चपटी, आत तारेचं किंवा पोलादी पट्टीचं कडं घातलेली चकती विसाव्या शतकातली. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानी नाचली, तेव्हाचे टूटू गुडघ्याच्या आसपास संपणारे आणि खाली झुकलेल्या घंटेच्या आकाराचेच होते. त्या काळातले फोटो पाहिले की आजच्या डोळ्यांना ते चांगलेच लांब वाटतात.

आखडण्याची क्रिया हळूहळू झाली. १८३२ मध्ये किनार पोटरीच्या खाली, १८६०–७० च्या सुमारास पोटरीच्या वर सरकत गुडघ्याखाली, आणि १८८० नंतर गुडघ्यावर. शेवटचा धक्का इटालियन नर्तिकांनी दिला. मिलान शाळेतल्या मुली गिरक्या आणि चवड्यांच्या टोकावरचं काम फार जोमदार करत. त्यांचे बूटही पुढे जास्त कडक असत. ताल्यॉनीच्या साध्या सॅटिनच्या चपलांना टोकाशी आणि कडेला फक्त रफूसारखे टाके घातलेले असायचे, त्यावर असलं काम निभावलं नसतं. व्हर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये पीटर्सबर्गला आली, तेव्हा तिथल्या शाही रंगभूमीवर रूढ असलेली लांबी तिने मानली नाही आणि घेर आखूड करून घेतला. मग तीच रूढी झाली.

याचं कारण यांत्रिक आहे. लेन्यानीचे प्रसिद्ध बत्तीस फुएते घ्या : एका पायाच्या टोकावर उभं राहून दुसरा पाय बाजूला फेकायचा, गुडघ्याशी ओढून घ्यायचा, आणि त्या जोरावर फिरायचं. लांब घेर असेल तर कापड शरीराच्या मागून, थोडं उशिरा फिरतं. पाय आत ओढला तरी घेर अजून बाहेरच असतो. शरीर थांबतं तेव्हा तो पायांभोवती गुंडाळला जातो आणि तोल जातो. शिवाय गुडघ्याची जागा झाकलेली असेल तर चूक झाकली जाते तसं कौशल्यही झाकलं जातं, आणि टाळ्या कौशल्याला पडतात.

आखूड झग्याची स्वतःची कटकट असते. घेर जितका ताठ बाहेर, तितकं जोडीदाराला लांब उभं राहावं लागतं. तो जवळ आला तर जाळी त्याच्या छातीला दबून मागे वर उचलली जाते, आणि तिची कंबर पकडायला त्याला हात लांबवून काम करावं लागतं.

लिथोग्राफ, म्हणजे दगडी छापाची चित्रं, पाहून लांबी ठरवणाऱ्यांना एक सूचना. १८३०–४० च्या दशकांतले चित्रकार पाऊल बोटभर करत आणि कंबर मुठीत मावेल अशी. त्या चित्रांतून पोशाखाची कल्पना घ्यावी, माप घेऊ नये.

‘ला बायादेर’ची कथा भारतातली, नायिका देवदासी. मग तिला टूटू कसा?

पीटर्सबर्गमध्ये १८७७ मध्ये नृत्यरचनाकार पेतिपाने हे बॅले बसवलं, तेव्हा रूढीच तशी होती. नायिका इजिप्तची असो, स्पेनची असो की हिंदुस्थानची, घेर तोच. देश दाखवायचा तो डोक्यावरच्या दागिन्यात, चोळीवरच्या नक्षीत आणि किनारीच्या पट्ट्यात. मेलेल्या नर्तिकांच्या छाया येतात त्या प्रवेशात तर देशाची खूणही पुसली जाते आणि उरतात त्या पांढऱ्या झग्यांच्या ओळी. खऱ्या देवदासी कशा दिसतात हे युरोपला ठाऊकच नव्हतं असं समजू नका. १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा एक संच पॅरिसमध्ये नाचून गेला होता आणि गोतिएने त्यांच्यावर भरभरून लिहिलंही होतं. पण नऊवारी काय किंवा भरजरी पायघोळ वस्त्र काय, त्यात चवड्याच्या टोकावरचं पाऊल दिसत नाही, आणि पेतिपाला तेच दाखवायचं होतं.

रंगमंचासाठी ‘जिझेल’च्या धर्तीचा लांब घेर शिवायचा आहे. कापड किती लागेल, थर किती द्यावेत?

पाच थर पुरेत. १६० सेंटिमीटर उंचीच्या नर्तिकेसाठी किनार जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरवर धरा. कमरेपासून किनारीपर्यंत साधारण ७० सेंटिमीटर होतात. त्यातले वरचे १० सेंटिमीटर योकचे, म्हणजे कमरेखाली घट्ट बसणाऱ्या पट्ट्याचे. जाळीची पट्टी ६० ची लागली तरी ७० ची कापा. प्रत्येक थराचा घेर साडेचार मीटर. जाळीचा पन्हा १४० सेंटिमीटर असेल तर साडेचार मीटरचा तुकडा लांबीत मधोमध कापून दोन थर निघतात. पाच थरांना असे तीन तुकडे, म्हणजे साडेतेरा मीटर. एक पट्टी उरेल. ती चुकण्यासाठी राखून ठेवा.

पाचही थर मऊ ट्यूलचे घेतले तर ते पायांमध्ये अडकतात, पाचही कडक जाळीचे घेतले तर तंबू होतो आणि उडीनंतर कापड हळू उतरत नाही. वरचे दोन मऊ, आतले तीन जरा ताठ, हे प्रमाण चांगलं.

योक ताण न घेणाऱ्या जाड सुती कापडाचा, उभ्या धाग्यात कापलेला असावा. इथे इलॅस्टिक लावण्याचा मोह होतो, पण पाच थरांच्या वजनाने ते खाली ओघळतं. मागे हूक आणि आकडे, एका ओळीऐवजी दोन ओळींचे, म्हणजे माप थोडं कमी-जास्त करता येतं.

चुण्या घालताना पट्टीचे आठ समान भाग करून खुणा करा, योकचेही आठ. योकचा घेर ९० सेंटिमीटर असेल तर ५६ सेंटिमीटर जाळी सव्वाअकरा सेंटिमीटरमध्ये बसवायची आहे. दोन समांतर धावदोरे घाला, मध्ये अर्धा सेंटिमीटरहून थोडं जास्त अंतर ठेवा. एकाच दोऱ्यावर ओढलं तर चुण्या उलटतात. साडेचार मीटरला सलग दोरा घातला तर तो शेवटच्या हातभर अंतरात तुटतो, म्हणून प्रत्येक भागाचा दोरा वेगळा.

सगळे थर एकाच रेषेवर शिवले की कमरेखाली दोरखंडासारखा उंचवटा येतो. सगळ्यात आतला थर योकच्या खालच्या कडेवर, त्यानंतरचा प्रत्येक थर एक सेंटिमीटर वर, असं चढत जा. मग वरचा थर खालच्याची शिवण आपोआप झाकतो. चोळी वेगळी शिवून योकला हाताने कच्च्या टाक्यांनी जोडा. ती घामाने आधी खराब होते आणि वेगळी काढून साफ करता येते.

किनार सगळ्यात शेवटी. नर्तिकेला बूट घालून उभं करा, जमिनीपासून माप घ्या आणि धारदार कात्रीने सरळ कापा. आतला प्रत्येक थर सेंटिमीटरभर आखूड. दुमडून टीप मारू नका. त्या टिपेच्या वजनाने कड ताठ राहते आणि तरंगणं संपतं. कोरड्या हवेत नायलॉनची जाळी एकमेकींना चिकटली तर पाण्याचा हलका फवारा मारा. आणि नायलॉन सुतासारखं भडकत नसलं तरी वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा प्रयोगात खऱ्या मेणबत्त्या किंवा दिवे या झग्याजवळ आणू नका.

आखूड टूटूसाठी देगासच्या ‘चौदा वर्षांची लहान नर्तिका’ या शिल्पावरून लांबी घेतली तर चालेल का?

नको. १८८१ मध्ये प्रदर्शित झालेली मूळ मूर्ती मेणाची आणि तिला खऱ्या कापडाचा घेर होता. आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक कांस्य प्रती देगासच्या मृत्यूनंतर ओतलेल्या, आणि त्यांचे घेर वेळोवेळी बदललेले. एका ठिकाणी तो मांडीवर संपतो, दुसऱ्या ठिकाणी गुडघ्याशी. त्यापेक्षा देगासनेच रंगवलेल्या तालमीच्या वर्गांची चित्रं पाहा. तिथे घेर गुडघ्याजवळ आहे, आणि कमरेचा रंगीत पट्टा मागे कुठे बांधायचा तेही दिसतं.